हत्तीची पावलं

हत्ती अडखळत होता. तीन हजार दिव्यांचा, घराची अख्खी पुढची भिंत व्यापणारा निळा हत्ती, पिवळ्या पावलांचा. त्यानं डावीकडून निघावं आणि डौलात उजवीकडे जावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. पण तो दोन पावलं टाकी आणि घरी काहीतरी विसरल्यासारखा थांबे.

"सांधे धरलेत बिचाऱ्याचे," शेजारचे मास्तर म्हणाले. निवृत्त झाल्यापासून ते विद्यार्थ्यांअभावी शेजाऱ्यांना मार्क देत. ही नुसती चाचणी होती; लोकांसाठी दिवे दरवर्षीसारखे सातला लागणार होते. मास्तर सहालाच स्वतःची खुर्ची घेऊन अंगणात हजर होते.

लेकीनं मांडीवरच्या लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. "बाबा, एकेका पोर्टवर हजार हजार दिवे लावलेत तुम्ही. एका तोंडानं हजार जणांना निरोप सांगायचा, तर वेळ लागणारच. दिवे चालवणाऱ्या पेटीला पोर्ट चार आहेत ना? मग चौथा कुठाय?"

"आहे की."

"खालचा पट्टा त्याच्यावर टाकू. चौघांत साडेसातशे-साडेसातशे. घोड्यासारखा पळेल."

"हत्तीच बरा," बाबा म्हणाले. पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढउतार करून निवृत्त झालेला हा लाईनमन शिडीला टेकून चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत होता. बराच वेळ शोधत होता. मग म्हणाला, "चौथा तुझ्या आईचा आहे."

लेकीनं स्क्रीनवर पाहिलं. पोर्ट चौथा, दिवे पन्नास. नावाच्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं : 'ही'.

"सहा वर्षं जमिनीला पाय नाही लागला तिचा," लाईनमन म्हणाला. "भिंत बघायला बाहेर कशी येणार? म्हणून तिच्या पलंगाला एक माळ दिली होती. भिंतीवर रंग बदलला की तिच्याकडेही बदलायचा. 'आज लाल फार भडक झालाय हो,' म्हणून आतून ओरडायची. बाहेरचे सगळे वाहवा करायचे आणि आतून हे."

आईला जाऊन आठ महिने झाले होते. खोलीचं दार तेव्हापासून लोटलेलंच होतं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ती माळ काढा आता. वायर बाहेर आणा आणि भिंतीला जोडा."

लाईनमन वीज बंद करून आत गेला. माळ काढायला दोन मिनिटं पुरली असती. त्याला वीस लागली. मग खिडकीतून वायरचं टोक बाहेर आलं, आणि पाठोपाठ दारातून तो. खाली बसून त्यानं ते टोक भिंतीवरच्या खालच्या पट्ट्याला जोडलं. लेकीनं पन्नास खोडून साडेसातशे केले. नावाचा रकाना मात्र तिनं तसाच ठेवला.

सातला अंगण भरलं. हत्ती निघाला, आणि काय निघाला! सोंड झुलवत, कान हलवत, कुठे अडखळणं म्हणून नाही. फक्त त्याचे पाय त्याच्याबरोबर नव्हते. ते पलीकडून, उजव्या कोपऱ्यातून उलटे येत होते.

"अहो, हत्ती निघाला कामावर आणि पाय निघाले घरी!" मास्तर म्हणाले. अंगण खो खो हसलं. भिंतीच्या मधोमध दोघांची गाठ पडली, क्षणभर हत्ती पुरा झाला, आणि पुन्हा जो तो आपल्या वाटेनं गेला. "आणि पावलं कुठायत?" मास्तरांनी चष्मा पुसला. "पिवळी पावलं होती ना? पाच मार्क गेले."

लेकीला हसू आलं, आणि मग ते थांबलं. दिवे नागमोडी ओवलेले होते : एक ओळ डावीकडून, तिच्या वरची उजवीकडून. एका ओळीची चूक झाली की डाव्याचं उजवं होणारच. एक ओळ म्हणजे पन्नास दिवे. पन्नास.

ती लॅपटॉप खुर्चीवर ठेवून आत गेली आणि तिनं दार ढकललं.

माळ जागच्या जागी होती. वायर एका टोकानं माळेत शिरली होती आणि दुसऱ्या टोकाकडून खिडकीबाहेर गेली होती. सगळ्यात खालच्या ओळीचा निरोप भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता. तो इथेच उतरला होता. रिकाम्या पलंगाच्या कडेनं, उशीपासून खिडकीपर्यंत, चार पिवळी पावलं एकामागून एक, सावकाश चालली होती.

"काढणार होतो," मागून लाईनमन म्हणाला. "हात चालेना. म्हटलं, माळेच्याच शेवटाला भिंत जोडू. कोणाला कळतंय!"

"दुरुस्त होईल, बाबा. पहिले पन्नास सोडा, असं पेटीला सांगितलं की झालं. चित्र जागेवर येईल."

"आणि हे?"

"हे विझतील. निरोप पुढे देत राहतील, पण स्वतः पेटणार नाहीत."

लाईनमननं मान हलवली. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचेच निरोप पुढे पोचवले होते. त्याला ते चटकन समजलं. "दे सांगून," तो म्हणाला. "लोक खोळंबलेत बाहेर."

तो दार लोटून घेणार होता. पण पावलं पुन्हा उशीपाशी उमटली, आणि ती खिडकीपर्यंत जाईतो तो थांबला.

लेक अंगणात आली. लॅपटॉप मांडीवर घेतला. 'सोडायचे दिवे' हा रकाना उघडला. भिंतीवर हत्ती आणि त्याचे पाय पुन्हा एकदा भेटून वेगळे झाले. तिनं लॅपटॉप मिटला.

"काय गं," मास्तर म्हणाले, "सापडली का पावलं?"

"सापडली, काका. आत आहेत."

"आत? आत काय करतायत?"

"चालतायत," ती म्हणाली.