मोजकीच मुलं

"वन्सं, पन्नास पोरांच्या गर्दीत तुम्हाला आमचं पोर दिसतं तरी का?" असं नणंदेला तोंडावर सुनावून आईने चिमीचं नाव शाळेतून काढलं. नणंद त्याच शाळेत शिकवायची. तिने परोपरीने समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी! चिमी आता एका ताईंच्या दिवाणखान्यात शिकायला जाऊ लागली. तिथे मुलं इनमीन पाच. बाकं नाहीत, घंटा नाही, आणि ताई म्हणे प्रत्येक मुलाच्या मनात डोकावतात.

एके दिवशी चिमी तापाने फणफणली. आईने तिला घरीच ठेवलं, पण त्या धावपळीत ताईंना कळवायचं राहून गेलं. दुपारी ती लेकीच्या कपाळावर ओली घडी ठेवत असताना फोन वाजला. ताईंचा मेसेज होता.

"आज चिमी खूप खुलली! मातीकाम करताना सगळ्यांना सांभाळून घेतलं. डोळ्यांत काय चमक होती!"

"कुणाचा गं, आई?" चिमीने कण्हत विचारलं.

"तुझ्या ताईंचा. झोप तू."

आईने मेसेज पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. पाचातलं एक पोर आलं नाही, हेही त्या बयेला कळलं नव्हतं! हे नणंदेच्या कानावर गेलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार.



तिने कपाळावरची घडी बदलली, आणि तो मेसेज जसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, "बघा वन्सं, याला म्हणतात लक्ष देणं!"