रेघ न ठेवता

“फवारा फडक्यावर मारायचा, पत्र्यावर नाही,” तो म्हणाला. “पत्र्यावर मारलास की पुसायला पोचेपर्यंत कडेला वाळतो. मग उन्हात बघ, रेघाच रेघा.”

“कालही सांगितलंत हे.”

“काल तुझं लक्ष नव्हतं.”

लक्ष होतं. पायरीवर बसून ती कालही त्याच्याकडेच बघत होती आणि आजही. निळी गाडी घराच्या सावलीत उभी होती. मागच्या दाराला त्याने उलटा हात लावला, पत्रा गार असल्याची खात्री करून घेतली. मग एका फडक्याने फवारा सरळ ओढत पसरवला आणि धुरकट व्हायच्या आत दुसऱ्या, कोरड्या फडक्याने पुसून काढला. घडी उलटली. पुन्हा पुसलं.

हात अजून तसाच होता. त्यांच्या पहिल्या गाडीला तो डब्यातलं मेण चोळायचा, स्वतःच्या जुन्या बनियनने. तेव्हा सावली नव्हती, म्हणून ती, नवी नवरी, छत्री धरून उभी. “माझ्यावर नको, गाडीवर धर,” म्हणायचा. गल्लीने तेव्हाच त्याचं नाव ‘आरसेवाले’ ठेवलं. तिला त्या नावाचा राग यायचा आणि मनातून बरंही वाटायचं.

मेणाचे डबे गेले, मधली कितीतरी वर्षं त्याने गाडी नुसत्या पाण्याने धुतली. आणि गेल्या आठवड्यात अचानक ही फवाऱ्याची बाटली आली. रंगाला संरक्षण देते म्हणे.

त्याच आठवड्यात, दोनच दिवस आधी, कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंना वळणावर एका गाडीने उडवलं होतं. गाडी गडद रंगाची होती आणि थांबली नाही, एवढंच बाईंना आठवत होतं. खुब्याचं हाड मोडलं. या घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे त्या बाईंनी शिवले होते.

बाईंना उडवलं त्या दुपारी तो बाहेरून आला, बूट काढता काढता म्हणाला, “वळणावर चाकाला दगड लागला वाटतं,” आणि चहा मागितला.

दुसऱ्या सकाळी तिने गाडी पाहिली. पुढच्या चाकावरचा डावा पत्रा आत गेला होता आणि त्यावर हातभर ओरखडा होता.

आता सगळी गाडी लखलखत होती आणि तेवढाच पत्रा त्याने पुसला नव्हता. काल शेजारच्या दारावरून ओढलेलं फडकं तिथवर पोचून थांबलं होतं, फवारा वाळून पांढुरके पट्टे उठले होते. ज्याला रेघ खपत नाही त्याने पट्टे राहू दिले. ओरखडा झाकायला, दुसरं काय. शिवाय गाडी लावलेली कशी, तर डावी बाजू घराकडे. रस्त्यावरून कुणाला दिसायला नको.

जेवणही हल्ली उतरत नव्हतं त्याला. अर्धं ताट, डावीकडचं सगळं, तसंच ठेवून उठायचा.

“बरं नाही का वाटत?” तिने विचारलं होतं.

“का? जेवलो की सगळं.”

इतकं सरळ तोंडावर खोटं. लग्न झाल्यापासून असा नव्हता तो.

कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. “काकू, आरसेवाल्यांचं काही बिनसलंय का माझ्याशी? सकाळी फाटकात त्यांच्या डावीकडून हात केला, तर मान फिरवायचं नाव नाही. मी काय गाडीला बोट लावलं होतं?”

“त्यांच्या तंद्रीत असतील.”

“असतील बाई. शिवणवाल्या माझ्या आत्येबहीण ना, मला वाटलं विचारपूस तरी करतील. उद्या पोलीस येणारेत म्हणे, गल्लीतल्या गडद गाड्या बघायला.” तिने गाडीच्या कुंपणाकडच्या, उजव्या बाजूवरून नजर फिरवली. “तुमची काय, आरशासारखी.”

शेजारीण गेली. म्हणजे हा नजर चुकवतोय, आणि नेमकी बाईंच्या बहिणीची.

“ऐकलंत का?” तिने विचारलं.

“पोलीस ना? येऊ देत.” तो पुढच्या दाराकडे सरकला. “हे दार झालं की स्टँडवर जाऊन लेकीला आणतो. नात पुढच्या सीटवर बसणार म्हणालीय.”

त्याच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. उद्या पोलिसांनी विचारलं तर आपण काय सांगायचं? आणि गप्प राहिलो, तर बाईंना भेटायला कुठल्या तोंडाने जायचं?

तिने ठरवलं. बोलायचं नाही, ओरडायचं नाही. नुसतं दाखवायचं. त्याने कबूल केलं तर उद्या दोघं मिळून चौकीवर जाऊ. पुन्हा दगडाचं सांगितलं तर आपण एकटी जाऊ.

ती चपला न घालताच उठली. दारापाशी वाकलेल्या त्याच्या पाठीमागून पुढे गेली आणि त्याच्या डाव्या हाताला, चेपलेल्या पत्र्याशी उभी राहिली. त्याचं कोपर तिच्यापासून वीतभर अंतरावर होतं. तिने ओरखडा नीट दिसावा म्हणून पट्ट्यावरची भुकटी बोटाने पुसली आणि बोट तिथेच ठेवलं. आता त्याने मान वर केली की झालं.

त्याने दार पुसून संपवलं. फडक्याची घडी घातली. कंबर सरळ करत मान वर केली आणि समाधानाने हसून, मागच्या रिकाम्या पायरीकडे वळून म्हणाला, “झाली बघ सगळी, एक रेघ नाही. अगं, कुठे गेलीस?”