तोफांच्या मजल्याचा रंग

“एक तर आतला मजला लाल करा, नाहीतर शेजारी पाटी लागेल,” संग्रहालयाच्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “‘आतील रंग इतिहासाला धरून नाही’, एवढंच. बाकी जहाजाला नाव ठेवायला जागा नाही हो.” विचार करून कळवा म्हणून त्या निघून गेल्या.

दातांची डॉक्टरीण टेबलावरच्या जहाजाकडे बघत राहिली. शिडाचं लढाऊ जहाज, हातभर लांब. बाबांच्या हातचं शेवटचं उरलेलं. बाहेरचा पिवळा पट्टा अचूक होता. लहान जहाजावर खरा रंग गडद दिसतो, म्हणून तो एक छटा फिका घेतलेला, तेही अचूक. फक्त तोफांचा मजला आतून हिरवागार होता.

आणि पाटी? बाबांच्या जहाजाला? या माणसाने उभा जन्म लोकांच्या जहाजांचे रंग कसे चुकले ते सांगण्यात घालवला होता. सख्ख्या मेहुण्याने हौसेने दिलेलं जहाज त्यांनी ‘पिवळा हळदीचा वाटतो’ म्हणून परत पाठवलं होतं. याच संग्रहालयाला त्यांची सतरा पत्रं गेली होती. अशी पाटी बघण्यापेक्षा त्यांनी जहाज माळ्यावर टाकलं असतं.

त्यातून ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून जन्मात एकदाच निघाला, तोही याच जहाजावरून. ती सहा वर्षांची होती. सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, “माझं चुकलं. पुस्तक नीट वाचलं नव्हतं मी. याला हिरवाच रंग होता.” आई हा किस्सा अजून पाहुण्यांना हसून सांगायची. म्हणजे चूक सुधारायला गेले आणि तिथेच चुकले! डॉक्टरणीला बाबांची फार कीव आली. लाल तर लाल, पण पाटी नको.

दुपारी दवाखाना बंद करून तिने दातांचं कीटण काढायची आकडी घरी आणली आणि हिरवा रंग अलगद खरवडू लागली. नखाएवढा पापुद्रा सुटला. खाली लाल होता. दोन हातांचा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला. बाईंनी सांगितला होता अगदी तोच.

“आई, हे आधी बरोबरच होतं की!”

आईने चष्मा पुसला. “होतंच. तुझे बाबा रंगात चुकतील? तूच विचारलंस, आतून लाल का म्हणून. त्यांना मेलं खोटं कुठे बोलता येतं! सांगून टाकलं, लढाईत रक्त दिसू नये म्हणून.”

“मग?”

“मग काय, तू जेवेनास. अंगात ताप. त्या खोलीच्या दारावरूनसुद्धा जाईनास. ‘आत माणसं आहेत’ म्हणायचीस. चार दिवस बघितलं त्यांनी, मग ब्रश घेऊन बसले.”

डॉक्टरणीला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते पुढचं. त्या हिरव्या मजल्यावर ती रोज मुंग्यांना फिरायला नेत असे आणि बाबा ओरडत नसत. तिला रडू आलं, तिने ते आवरलंही नाही.

मग डोळे पुसून तिने बाईंना फोन लावला. “पाटी लावा.”

“दुरुस्ती नाही करायची? अहो, त्यांचं नाव...”

“नको. तसंच राहू दे.”

फोन ठेवून तिने बाबांची रंगांची पेटी उघडली आणि खरवडलेल्या जागेपुरता हिरवा कालवायला घेतला. छटा जमेना. आई शेजारी येऊन बसली आणि बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली.

“जन्मात एकदा चूक कबूल केली त्यांनी,” ती म्हणाली, “आणि तीही न केलेली.”