जोडीने काढलेले फोटो

"हा आजार होतो तरी कसा, ते एकदा नीट सांगा डॉक्टर," जयवंत म्हणाला. "म्हणजे मनाची तयारी करता येईल."

समोरच्या पडद्यावर छातीचा फोटो लावला होता. परळच्या या इस्पितळात जुन्या गिरणी कामगारांची मोफत तपासणी होती, पण यायला तो मुळीच राजी नव्हता. "तूही फोटो काढ, तर मी काढतो," अशी अट त्याने बायकोला घातली होती. शेवंती आपली बिचारी लगेच तयार झाली. आत्ता ती शेजारच्या खुर्चीत पदराशी चाळा करत बसली होती. आपल्यामागे हिचं कसं होणार, एवढाच घोर त्याला लागला होता.

डॉक्टर अनुजाने पडद्यावरची नजर काढली नाही. "गिरणीत कुठलं खातं?"

"बॉयलर. पाइपांना ॲस्बेस्टॉस गुंडाळायचो."

"त्याचे तंतू श्वासाबरोबर आत जाऊन रुतून बसतात. आसपासच्या पेशी पुन्हा पुन्हा दुखावतात, पुन्हा नव्या तयार होतात. असं होता होता एखादी बिघडते आणि वाढायची थांबतच नाही. तीस-चाळीस वर्षं पत्ताही लागत नाही."

जयवंतने मान डोलावली. खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण आठवले ते दिवस. पाळी सुटल्याचा भोंगा, लालबागच्या चाळीतला अंधारा जिना, तव्यावरच्या बांगड्यांचा वास. तो नखशिखांत पांढरा होऊन यायचा. "कापडाच्या गिरणीत जाता की पिठाच्या?" म्हणत शेवंती त्याला दारातच अडवायची आणि सगळी चाळ हसायची. काय सुखाचे दिवस होते! पुन्हा मिळाले तर त्याने त्याच खात्यात नोकरी धरली असती.

"जे असेल ते सांगून टाका," तो म्हणाला. "माझं काय, वय झालं आता."

अनुजा थोडी घुटमळली. "तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

हा कसला प्रश्न, असं त्याला वाटलं. शेवंतीचा चेहरा मात्र उजळला.

"मीच की! आधी गॅलरीत झटकायची, मग ब्रशने घासायची. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय कधी."

जयवंतलाही हसू फुटलं. अनुजा हसली नाही. तिने आपली खुर्ची शेवंतीच्या जवळ ओढली आणि तिचा हात हातात घेतला.

"आजोबा," ती म्हणाली, "हा फोटो तुमचा नाही."