मधली रेष

"डोळे मिटून ऑपरेशनच्या पायावर उभी राहा," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या.

कबड्डीच्या फायनलला कुंदाने माझा घोटा पकडला, मी मधल्या रेषेकडे झेपावले आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. त्याच संध्याकाळी घरी परतताना कुंदा अपघातात गेली.

"आज पाय अजिबात हलत नाहीये." मॅडम खूश होत्या.

"तुम्ही घोटा धरलाय ना."

"मी इकडे खिडकीपाशी आहे गं."

घोट्याभोवती बोटं आवळली होती, करंगळी तेवढी ताठ. कुंदाची करंगळी अशीच, कधी वळायची नाही.

"सोड कुंदे, मॅच संपली," मी पुटपुटले. पकड आणखी घट्ट झाली.

माझ्या तोंडून आपोआप 'कबड्डी, कबड्डी' सुरू झालं. दम सुटायच्या आत मधली रेष गाठायची होती, आणि दवाखान्याच्या फरशीवर रेष नव्हती.