उतरायचा भाग

अर्धांगवायूनंतर कुमुदताईंचा उजवा पाय टीव्हीवरचा व्हिडिओ गेम कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून शिकवेल तेवढंच चालत होता. मुलाने, निनादने, काल गेमचा ‘जिना’ हा नवा भाग विकत घेतला, आणि आज त्या हौसेने एकट्याच गच्चीवर चढल्या. परतताना मात्र पहिल्याच पायरीवर पाऊल खाली पडेना. घरात नात झोपलेली, गॅसवर दूध.

त्यांनी निनादला ऑफिसात फोन लावला. “पाय खाली जातच नाही रे.”

निनादचा आवाज चिरकला. “आई, तो भाग नुसता चढायचा होता. उतरायचा वेगळा विकतात. थांब, घेतो.”

पैसे कापले गेले. कुमुदताईंच्या कमरेच्या पट्ट्यातून गोड आवाज आला, “अभिनंदन. नवा भाग सुरू करण्यासाठी कृपया टीव्हीसमोर उभे राहा.”

जिन्यातून करपल्याचा वास वर येत होता.