टिंबांची पट्टी

संगणकाच्या गाभ्यातलं कर्नल नावाचं नवं सॉफ्टवेअर बाबांच्या जुन्या ब्रेलपट्टीला ओळखेना. पट्टीवर स्क्रीनवरच्या अक्षरांची टिंबं उठेनात, आणि अंध बाबांचं वाचन ठप्प. पट्टी बनवणारी कंपनीही केव्हाच बुडालेली. म्हणून पट्टी चालवणारा जुना प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, घालून अख्खं कर्नल नव्याने बांधायला, कंपाइल करायला लेक सकाळपासून बसली होती. पण एक सांधावं तर तेरा तुटत होती. कधी फाइल सापडेना, कधी कंपायलरच रुसे. “यंत्राला शिव्या ऐकू येत नाहीत गं,” बाबा म्हणाले. “तुम्हाला येतात ना? तेवढं पुरे!” अखेर एकही एरर न येता काम तडीस गेलं. तिने संगणक पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळीठिक्कर. स्क्रीनचाच ड्रायव्हर निवडायचा राहिला होता. “सगळं मुसळ केरात!” तिने कपाळ बडवलं. बाबांची बोटं मात्र पट्टीवर उठलेल्या टिंबांवरून सरकत होती. “ओरडू नकोस,” ते म्हणाले, “यंत्र तुझं नाव विचारतंय.”